जांभळा की गुलाबी

जेवताना वाईट बातमी द्यायची नाही असा आमच्या घरी नियम नाही, पण असायला हवा होता. बहरीनला, अरादमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी घरघरत होता, नवरा टीव्हीकडे तोंड करून जेवत होता आणि आमचे चिरंजीव, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, आमटीत भात कालवता कालवता म्हणाले, "आय फेल्ड मायक्रो. द प्रॅक्टिकल." एवढं बोलून त्याने पापड मागितला.

मी पापड दिला नाही.

दुसऱ्या कुठल्याही विषयात तो नापास झाला असता तर मी समजून घेतलं असतं. शरीररचनाशास्त्र अवघड असतं म्हणतात, असेल. पण सूक्ष्मजीवशास्त्र हे आमच्या घरचं खातं आहे. मी कोल्हापूरला त्यातच पदवी घेतली आणि मुलगा शाळेत जायला लागल्यापासून मनामातल्या एका खासगी लॅबमध्ये नोकरी करते. लोकांच्या घशात, थुंकीत आणि लघवीत काय वाढतंय ते बघायचं, त्याचं नाव शोधायचं आणि कुठल्या औषधाने ते मरेल ते डॉक्टरला कळवायचं, हे माझं काम. आमच्या फ्रिजवरच्या चुंबकावरसुद्धा जिवाणूचं चित्र आहे. अशा घरातला मुलगा याच विषयात नापास होतो म्हणजे काय?

"थिअरीत किती?" मी विचारलं.

"थिअरी इज फाइन." फाइन म्हणजे वर्गात पहिल्या काही मुलांत. आमच्या मुलाला मराठी सगळं कळतं, अगदी टोमणेसुद्धा. उत्तरं मात्र इंग्रजीत येतात.

गाडी कुठे अडली ते हळूहळू कळलं. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावून ठेवतात. डोळा लावायचा, दिसतं ते लिहायचं आणि पुढच्या मायक्रोस्कोपकडे सरकायचं. जवळजवळ सगळ्या स्लाइड ग्रॅम स्टेनच्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जिवाणू मुळात बिनरंगी असतात, काचेवर नुसते ठेवले तर धड दिसतही नाहीत. म्हणून त्यांना आधी जांभळा रंग देतात, मग स्पिरिटने धुतात आणि शेवटी गुलाबी रंग देतात. ज्यांची भिंत जाड असते ते पहिला जांभळा रंग सोडत नाहीत, त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणायचं. ज्यांची पातळ असते त्यांचा जांभळा रंग स्पिरिटबरोबर निघून जातो आणि ते गुलाबी होतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. या विषयातला हा पहिला धडा. पुढचं सगळं, कुठला आजार आणि कुठलं औषध, इथून सुरू होतं. तो पहिला धडाच आमच्या मुलाने चुकवला होता. जांभळ्यांना गुलाबी म्हणाला होता आणि गुलाबींना जांभळे.

"लक्ष कुठे असतं रे तुझं?" मी म्हणाले. "अगदी मामावर गेलायस."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, चिपळूणला असतो. आमच्या माहेरी वेंधळेपणाचं माप म्हणून त्याचंच नाव घेतात. दूध उतू गेलं तरी मामाची आठवण निघते, मग तो त्या वेळी दुसऱ्या गावात का असेना.

यावर मुलाने ताट बाजूला सारलं आणि बापाकडे वळून चक्क मराठीत म्हणाला, "बाबा, मी अकाउंट्सला जाऊ का?"

माझा नवरा एका बँकेत अकाउंटंट आहे. त्याचा चेहरा क्षणभर उजळला, मग माझ्याकडे बघून विझला. "अरे, रीसिट आहे ना?" तो म्हणाला.

रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा, होती, महिन्याभरावर. त्यात नापास झाला तर सगळं वर्ष परत. पण मुलगा म्हणत होता की तो बसणारच नाही. त्याने प्रयत्न करून बघितलाय, त्याला ते जमत नाही, बाकी सगळ्यांना एका नजरेत कळतं आणि त्याला कळत नाही. "आय ॲम नॉट मेड फॉर धिस," तो म्हणाला आणि खोलीत गेला.

आता हा मुलगा कोण, तर लहानपणी ताप आला की रडायच्या आधी थर्मामीटर मागणारा. शेजारच्या काकूंचं ब्लडप्रेशर मोजायला शिकलेला. त्याला डॉक्टर हो असं आम्ही कधी म्हटलं नाही, त्यानेच आमच्या मागे लकडा लावला होता. त्या रात्री मी भांडी घासताना जरा जास्तच आपटली. नवरा म्हणाला, "अगं, त्याला नाही जमत तर नाही जमत." मी म्हणाले, "अहो, त्याला जमतंय. तो बघत नाहीये." मला तेव्हा खरंच असं वाटत होतं.

पुढचे काही दिवस मी त्याची उजळणी घेतली. कणिक मळताना विचारायचे, कपडे वाळत घालताना विचारायचे. तो कंटाळून, पण न चुकता सांगायचा. द्राक्षाच्या घोसासारखे गोळे दिसले तर कोण, माळेसारखे दिसले तर कोण, घशात कोण, मूत्रमार्गात कोण, जंतू वाढवायच्या कुठल्या प्लेटवर कोण गुलाबी वाढतं आणि कोण नाही. जाड भिंत जांभळा रंग का धरून ठेवते हे त्याने मला असं काही समजावलं की आमच्या कोल्हापूरच्या सरांनीसुद्धा मान डोलावली असती. मला अभिमान वाटला आणि दुप्पट राग आला.

"मग परीक्षेत काय झोप लागली होती?"

"इट लुक्स डिफरंट इन द लॅब, आई."

हे ऐकून मी ठरवलं, याला लॅबमध्येच बसवायचं. आमच्या लॅबचे मुख्य केरळचे आहेत, भला माणूस. त्यांना विचारलं, ते म्हणाले शुक्रवारी दुपारी घेऊन या, सुट्टी असल्यामुळे तेव्हा कोणी नसतं.

शुक्रवारी जेवण करून आम्ही निघालो. मुलगा गाडीत कानात इअरफोन घालून बसला होता. लॅबमध्ये शिरल्यावर मी त्याला कोट दिला, हातमोजे दिले आणि स्वतःच्या हाताने स्लाइड बनवायला घेतली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मी ज्या टेबलाशी इतकी वर्षं काम करते तिथे माझा मुलगा माझ्याकडे बघत उभा होता. एका ठिपक्याला घरच्या दह्याचा अंश घेतला, घरून छोट्या डबीत आणला होता. दह्यातल्या काड्या, म्हणजे लांबट जिवाणू, पक्क्या जांभळ्या होतात. दुसऱ्या ठिपक्याला, रंग नीट बसतोय का हे तपासायला आम्ही मेलेले जंतू ठेवतो, त्यातले गुलाबी होणारे घेतले. तेही काड्याच. तिसऱ्या ठिपक्यात दोन्ही मिसळले. वाळवलं, आचेवरून फिरवलं, जांभळा, पाणी, आयोडिन, स्पिरिट, गुलाबी, पाणी. वर तेलाचा थेंब टाकला आणि आधी मी बघितलं. इतकी सुरेख स्लाइड झाली होती की फोटो काढावासा वाटला. जांभळ्या काड्या आणि गुलाबी काड्या शेजारीशेजारी, शेंबड्या पोरानेही वेगळ्या केल्या असत्या.

"बघ," मी म्हणाले. "हा मिसळलेला ठिपका. काय दिसतंय?"

त्याने डोळा लावला. "रॉड्स. लॉट्स ऑफ रॉड्स."

"आणि?"

तो बराच वेळ बघत राहिला. स्क्रू पुढेमागे केला.

"जांभळ्या कुठल्या, गुलाबी कुठल्या ते सांग. मधोमध काटा आहे बघ, त्या काट्याच्या टोकाला आण."

"सम आर डार्कर," तो म्हणाला.

"गडद-फिका नाही विचारत. रंग विचारतेय."

"आई, दे आर ऑल द सेम कलर."

मला वाटलं हा माझी थट्टा करतोय. माझा पारा चढला. त्याला बाजूला करून मी स्वतः बघितलं. जांभळ्या जांभळ्या होत्या, गुलाबी गुलाबी होत्या. सिंकशेजारी मी सांडलेले रंग पुसलेले टिश्यू पडले होते, एकावर जांभळा डाग, दुसऱ्यावर गुलाबी. ते दोन्ही उचलून मी त्याच्या नाकासमोर धरले. "हे बघ. डोळ्यांनी बघ. हा कुठला आणि हा कुठला?"

तो माझ्याकडे बघत होता, टिश्यूकडे नाही. माझ्या तोंडावरून उत्तर वाचता येतंय का ते शोधत होता. मग खाली बघून हळूच म्हणाला, "बोथ ब्लू. दॅट वन इज लाइटर."

आणि तेव्हा, तिथे उभ्या उभ्या, मला माझ्या भावाने आणलेली साडी आठवली.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात मामाने पिवळी साडी आणायची असते. अष्टपुत्री म्हणतात तिला, ती नेसून मुलगी बोहल्यावर चढते. माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात हा मान माझ्या भावाकडे आला. त्याने हौसेने स्वतः दुकानात जाऊन, ढिगातून निवडून, साडी आणली. लग्नाच्या दिवशी सकाळी घडी उलगडली तर साडी पोपटी. नवरी रडायला लागली, बहिणीने कपाळावर हात मारला आणि माझी वहिनी स्कूटरवरून दुकान उघडायला लावायला धावली. भाऊ सगळ्यांना सांगत होता, अगं, पिवळीच आहे ना? आम्हाला वाटलं, चूक झाकायला चेष्टा करतोय. त्या दिवसापासून तो वेंधळ्यांचा राजा झाला.

तो चेष्टा करत नव्हता. त्याला ती पिवळीच दिसत होती.

मी स्टुलावर बसले. मुलाला विचारत गेले आणि तो सांगत गेला. सिग्नल? वरचा लाल, खालचा हिरवा, जागा पाठ. शाळेत चित्रं रंगवताना? खडूवरचं नाव वाचायचं. इंद्रधनुष्य? सगळ्यांना पाठ असतं तसं पाठ होतं. रंगांची भानगड काहीतरी आहे हे त्याला अर्धवट कळत होतं, पण सगळ्यांनाच असं अवघड जातं आणि बाकीचे हुशार आहेत म्हणून ओळखतात, असं त्याला वाटायचं. ग्रॅम स्टेन तर त्याने आकारावरून काढला होता. द्राक्षाचा घोस दिसला की पॉझिटिव्ह लिहायचं, माळ दिसली की पॉझिटिव्ह. काड्या आल्या की मात्र नशीब, कारण काड्या दोन्ही रंगांत असतात. परीक्षेत काड्याच काड्या आल्या होत्या.

"तू कधी विचारलं का नाहीस?"

"व्हॉट वुड आय आस्क?" तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. जे दिसतच नाही त्याबद्दल काय विचारणार?

"सो," तो थोड्या वेळाने म्हणाला, "आय ॲम नॉट स्टुपिड?"

एकोणीस-वीस वर्षांचा ताडमाड वाढलेला मुलगा, पण विचारताना त्याचा आवाज लहान झाला. मला रडू यायला लागलं आणि मी हातमोजे घातलेले असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

"स्टुपिड आहेस," मी म्हणाले, "पण त्याची कारणं वेगळी आहेत."

तो हसला. मग मीही हसले. मुलाला रंग ओळखू येत नाहीत हे कळल्यावर हसणारी आम्ही पहिलीच मायलेकरं असू. पण मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. तो आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता, ढ तर नव्हताच. एवढे दिवस ज्या मुलावर मी चिडत होते तो मुलगा मुळात नव्हताच.

घरी येईपर्यंत मात्र दुसरी काळजी हजर झाली. नवऱ्याने आधी विचारलं, "मग हा गाडी कशी चालवतो?" त्यावर उत्तर मिळाल्यावर त्याने खरा प्रश्न विचारला. "असा माणूस डॉक्टर होऊ शकतो का?"

मला माहीत नव्हतं. माझं सगळं काम रंगावर चालतं. या प्लेटवर गुलाबी वाढलं तर हा, फिकं वाढलं तर तो, त्या प्लेटवर हिरवट कडा दिसली तर तिसराच. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे बारा महिने रंगपंचमी. यात रंगच न दिसणाऱ्याचं काय करायचं? आता तर मुलाला रीसिट द्यायची होती, आणि आता मीच घाबरले होते.

जनाबियाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. प्रवेशाच्या वेळी त्याचे डोळे तपासले होते, पण तेव्हा फक्त अक्षरं वाचून दाखवायची होती. इथे डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची पानं समोर धरली. त्यात लपलेले आकडे मला ढळढळीत दिसत होते, मुलाला नुसते ठिपके दिसत होते. जन्मापासून असतं, वाढत नाही, घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा सांभाळून म्हणाले की हे बहुतेक आईकडून मुलाकडे येतं, आईला स्वतःला काही नसतं, पण तिच्या भावाला असू शकतं. तुम्हाला भाऊ आहे का?

"आहे," मी म्हणाले, "चांगला आहे."

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. स्वतःचे डोळे चांगले ठेवून मुलाला हे वाण दिलं असं वाटलं. पण मुलगा परत येताना गाडीत शीळ घालत होता, त्यामुळे ते वाईट वाटणं फार टिकलं नाही.

डॉक्टरकीचं काय, यावर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते की असे पुष्कळ डॉक्टर आहेत, कॉलेजशी बोला. म्हणून पुढच्या आठवड्यात मुलगा त्याच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेला भेटायला गेला. बाई इथल्याच, बहरीनच्या, मोठ्या कडक म्हणून प्रसिद्ध. मी बाहेर बाकावर बसले होते. मला आत जायचं नव्हतं, आत गेले असते तर मीच सगळं बोलले असते. दार उघडं होतं, त्यामुळे ऐकू मात्र सगळं आलं.

बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद वाचला. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी विचारलं, जांभळी काडी आणि गुलाबी काडी यांच्यात औषधाचा फरक काय? मुलाने सांगितला. रक्तात गुलाबी काडी सापडली तर तू काय करशील? तेही सांगितलं. आणखी दोन-तीन प्रश्न झाले.

"रंग सांगायला कोणीही मिळेल," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्या रंगावरून काय समजायचं ते सांगणारा मला हवा आहे." परीक्षेत त्याने फक्त रंग विचारायचा, बाकी सगळं त्याचं त्याने. परीक्षा मंडळाची परवानगी त्या काढतील. मुलगा थँक यू म्हणून तिथेच खिळल्यासारखा उभा राहिला. त्या हसल्या असाव्यात. "यल्ला, जा अभ्यास कर. मफी मुश्किल."

बाकावर माझा जीव भांड्यात पडला, तो आवाज आत ऐकू गेला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

घरी पोचल्यावर मी पहिला फोन चिपळूणला लावला. भावाला सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्याचा भाचा, स्लाइड, ठिपके, बाई. शेवटी म्हणाले, "आणि बाई काय म्हणाल्या माहितेय? मफी मुश्किल!"

पलीकडे भाऊ भडकला. "माफी मुश्किल? कसली माफी? पोराने काय चोरी केलीय का? ताई, तू त्या बाईला ऐकवलं नाहीस काहीच?"

मला हसू आवरेना. इथे येऊन इतकी वर्षं झाली की अरबीत मफी म्हणजे 'नाही', अडचण काहीच नाही असं त्यांना म्हणायचं होतं, हे आम्हाला सांगावं लागत नाही. चिपळूणला त्या शब्दाचा अर्थ भलताच झाला होता. समजावून सांगितल्यावर तो हसला.

"म्हणजे ताई," तो म्हणाला, "ती साडी... मी नीट बघून आणली होती. मी खरंच नीट बघून आणली होती गं."

"हो रे," मी म्हणाले. "आता कळलं."

"मी इतकी वर्षं म्हणत होतो, आपलंच लक्ष नसतं." त्याने खोल श्वास घेतला. "थांब जरा. स्पीकरवर टाकतो. हे सगळं परत सांग, हिला ऐकू दे."

वहिनीसाठी मी सगळी गोष्ट परत सांगितली. त्याने आणखी एकदा सांगायला लावली असती तरी सांगितली असती.

रीसिटच्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि त्याला सोडायला गेले. तो नको म्हणाला नाही, त्यावरूनच कळलं की घाबरलाय. परीक्षेची भीती नव्हती त्याला. भीती होती विचारण्याची. परवानगी मिळाली होती, कागदावर सही होती, पण भर लॅबमध्ये, सगळ्या मुलांसमोर, हात वर करून रंग विचारायचा होता. जन्मभर जे लपवलं ते मोठ्याने बोलायचं होतं. "व्हॉट इफ दे लाफ?" एवढंच गाडीत म्हणाला. मी नेहमीसारखं काही खोचक बोलायला गेले आणि बोलले नाही. "हसले तर हसू देत, तू विचार," म्हणाले.

तो पास झाला, हे आधीच सांगून टाकते. निकाल नंतर लागला, पण वाचणाऱ्यालाही उगाच टांगून ठेवण्यात अर्थ नाही. मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

मी पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून बसले होते. उन्हात बाहेर सगळं पांढरं दिसत होतं. तो बाहेर आला, धावत नाही, चालत, आणि दार उघडून शेजारी बसला. पट्टा लावला नाही.

"विचारलंस?"

"विचारलं," तो म्हणाला. मराठीतच म्हणाला. "पहिलीच स्लाइड काड्यांची होती. मायक्रोच्या डॉक्टर लॅबच्या दुसऱ्या टोकाला होत्या, त्यामुळे जोरात विचारावं लागलं. व्हॉट कलर इज धिस, प्लीज? एव्हरीबडी लुक्ड अप."

"हसलं कोणी?"

"नाही. कोणीच नाही." तो समोर काचेकडे बघत होता. "त्या आल्या, बघितलं, पिंक म्हणाल्या, मी लिहिलं. त्या परत जायला निघाल्या तर मागून एकाने हात वर केला. ओळखत नाही मी त्याला नीट, रिफाहून येतो. डॉक्टर, मी टू, म्हणाला. आय कान्ट सी इट आयदर."

मी एसीचा आवाज कमी केला.

"त्याच्याकडे कागद नव्हता, आई. त्याने कधी तपासलंच नव्हतं. तो मागच्या वर्षीही यातच फेल झालाय." तो माझ्याकडे वळला. "डॉक्टरांनी त्याच्याजवळ खुर्ची नेली आणि बसल्या. शेवटपर्यंत तिथेच बसून होत्या."

मुलं एकेक करून बाहेर पडत होती, गाड्या सुरू होत होत्या. मुलाने पट्टा ओढला. "चल ना," तो म्हणाला. "आय ॲम स्टार्व्हिंग."

"थांब," मी म्हणाले. "तो मुलगा बाहेर येऊ दे."

"का?"

"त्याच्या आईला कोण सांगणार?"

मुलाने माझ्याकडे बघितलं, मग पट्टा सोडला. आम्ही दोघं दाराकडे बघत थांबलो.